1929 ची मंदी आणि आमचा धानाचा मुलूख

दुष्काळांचा इतिहास आपल्याकडे पुष्कळ सांगितला जातो. 1896-97 आणि 1899-1900 या सालांची आठवण घराघरांतून पुढें चालत आली. परंतु ज्या आपत्तींत शेतांत धान उभें असतें आणि तरीहि घर बुडतें, तिची आठवण तितकीशी राहत नाहीं. 1929 सालीं सुरू झालेली जागतिक मंदी ही अशी आपत्ति होती.

आजचा गोंदिया जिल्हा 1999 सालीं वेगळा झाला; त्या काळीं हा सारा मुलूख मध्यप्रांतांतील भंडारा जिल्ह्यांत मोडत असे. पाऊस चुकला तर काय करावें, याचें उत्तर येथल्या कोहळी मंडळींनीं गांवोगांव तलाव बांधून फार पूर्वींच दिलें होतें. नवेगांवबांधच्या पाळीवर उभें राहिलें म्हणजे त्या उत्तराचा आवांका कळतो. पण भाव चुकला तर तलावानें काय करावें?

भाव बाहेरून आला तो रेल्वेच्या वाटेनें. गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत, 1880 नंतर, नागपूर-छत्तीसगड रेल्वे या मुलुखांतून गेली. 1905 पर्यंत गोंदियाहून जबलपुराकडे अरुंद मार्गहि झाला. धान बाहेर जाऊं लागलें, तशी बाहेरची किंमत आमच्या खळ्यांत येऊन बसली. न्यूयॉर्कचा शेअरबाजार ऑक्टोबर 1929 मध्यें कोसळला, हें मंदीचें एकमेव कारण नव्हे. धान्याचे भाव जगांत आधींपासूनच ढिले होते. कलकत्त्याच्या घाऊक भावांचा निर्देशांक, 1914 सालचा 100 धरून, 1929 मध्यें 141 होता. 1931 मध्यें तो 96 वर आणि 1933 मध्यें 87 वर आला. त्यांत ब्रह्मदेशचा तांदूळ स्वस्त होऊन आला. तो प्रांत 1937 पर्यंत हिंदुस्थान सरकारच्याच अमलाखालीं असल्यामुळें त्याला जकातीचा अडसरहि नव्हता.

भाव उतरले, देणें मात्र उतरलें नाहीं. खरें दुखणें येथें आहे. मालगुजाराचा सारा, कुळाचा खंड, सावकाराचें व्याज, सर्व रोख रुपयांत आधीं ठरलेलें. समजा, एखाद्याला तें फेडण्यास चार खंडी धान विकावें लागे. भाव निम्मा झाला कीं त्याच देण्यापायीं आठ खंडी विकावें लागणार. सवाईनें धानच उसनें आणणारा या फेऱ्यांतून थोडा वांचला, कारण त्याला धानच परत करावयाचें होतें. रोखीचा ऋणको मात्र कर्ज न वाढवतांहि दुप्पट कर्जदार झाला!

सरकारच्या चलननीतीनें यांत भरच घातली, असें आमचें मत आहे. 1927 सालीं रुपयाचा दर 18 पेन्स ठरविला गेला. 16 पेन्सच्या दरानें एका पौंडाचे 15 रुपये येत. आतां 13 रुपये 5 आणे 4 पै येऊं लागले. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनीं याला विरोध नोंदविला होता, तो मानला गेला नाहीं. सप्टेंबर 1931 मध्यें इंग्लंडनें सुवर्णचलन सोडलें आणि रुपया पौंडाला बांधला गेला. सोनें महागलें व देशांतून सोन्याचा ओघ बाहेर लागला. लोक नफ्यासाठीं सोनें विकीत आहेत, असें त्या वेळीं सांगण्यांत येई. कांहीं जण विकीतहि असतील! पण घरांतलें डाग मोडून सारा भरणारा नफ्याचा हिशेब करीत बसत नाहीं. शिवाय गरीब कुणब्याघरीं सोनें कोठलें? तेथें चांदीचे गोट आणि तोडे. आणि चांदी तर 1930-31 मध्यें पार घसरलेली.

उपाय झाले, पण उशिरां. 1933 सालीं मध्यप्रांतानें कर्जतडजोडीचा कायदा केला. मंडळासमोर सावकार व ऋणको यांना बसवून कर्जाची रक्कम कमी करावयाची, हप्ते पाडावयाचे, अशी ती योजना. पुष्कळांचा भार त्यानें हलका झाला. परंतु जुनें कर्ज कापलें गेलेला सावकार नवें कर्ज देण्यास हात आंखडूं लागला, आणि पेरणीच्या तोंडावर पैसा कोठून आणावा, हा प्रश्न कायद्याला सुटला नाहीं.

भाव खऱ्या अर्थानें वर आले ते दुसऱ्या महायुद्धांत. मार्च 1942 मध्यें रंगून जपानच्या हातीं पडलें आणि ब्रह्मी तांदूळ बंद झाला. पुढच्याच वर्षीं बंगालमध्यें माणसें अन्नावांचून रस्त्यांवर मरत होतीं. दहा वर्षांपूर्वीं ज्याला गिऱ्हाईक मिळेना, तें धान आतां सोन्याच्या मोलाचें झालें होतें.