दमा, धोत्रा आणि निळा पंप

दमा हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला. तिथे 'दम' म्हणजे श्वास. मराठीने तो इतका आपलासा केला की आपण दम खातो, दम देतो, दम धरतो. ज्याचा दम छातीतच अडकतो त्याच्या औषधाचा इतिहास मात्र आपण फारसा वाचत नाही.

बाराव्या शतकात कैरोत मूसा इब्न मैमून या ज्यू हकिमाने एका रुग्णासाठी दम्यावर अरबीत पुस्तक लिहिले. त्यात भर आहे तो खाणेपिणे, झोप आणि स्वच्छ हवेवर. आवळलेली श्वासनळी झटकन मोकळी करणारी वस्तू आपल्या उकिरड्यावर उगवत होती, ती म्हणजे धोत्रा. त्याच्या वाळल्या पानांचा धूर दमेकऱ्याला देण्याची रीत 1802 च्या सुमारास मद्रासच्या इंग्रज डॉक्टरांमार्फत ब्रिटनला पोहोचली. पुढे शंभराहून अधिक वर्षे युरोपात दम्याच्या सिगारेटी विकल्या गेल्या. आज ऐकायला विचित्र वाटते, पण त्यात तथ्य होते. श्वासनळीभोवती स्नायूंचे वेढे असतात. मेंदूकडून येणारी व्हेगस नस अॅसिटिलकोलीन नावाचे रसायन सोडून ते वेढे आवळते. धोत्र्यातले अॅट्रोपिन या रसायनाची जागा अडवते. मात्रा चुकली की माणूस बरळू लागतो, जिवावरही बेतते, म्हणून कुणी घरी प्रयोग करू नये.

दुसरी वाट अॅड्रिनलिनची. नस आवळते, तर अॅड्रिनलिन सैल करते. 1901 च्या सुमारास ते शुद्ध रूपात हाती आले आणि लवकरच दम्यासाठी त्याचे इंजेक्शन देऊ लागले. पण ते हृदयालाही पळवते आणि रक्तदाब चढवते. 1940 च्या दशकात आयसोप्रेनलिन आले. रक्तदाबाचा त्रास कमी झाला, हृदयाची धडधड राहिलीच. मग 1956 मध्ये अमेरिकेत रायकर कंपनीचा खिशात मावणारा पंप बाजारात आला. कंपनीच्या प्रमुखाच्या दमेकरी मुलीने विचारले होते म्हणे, की अत्तराच्या फवाऱ्यासारखे माझे औषध का नाही?

इथे खरी गोष्ट सुरू होते. 1960 च्या दशकात इंग्लंडमध्ये दम्याने तरुण आणि मुले पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त मरू लागली. औषध वाढले आणि मृत्यूही वाढले! त्या काळी हे पंप चिठ्ठीशिवाय मिळत आणि काही फारच तीव्र होते. 1967 मध्ये सरकारी समितीने डॉक्टरांना सावध केले, पुढच्या वर्षी चिठ्ठी सक्तीची झाली आणि मृत्यू घटले. दोष नेमका कशाचा, यावर तज्ज्ञ बरीच वर्षे भांडले. मला पटते ते असे: हृदयावरचा ताण होताच, पण तात्पुरत्या आरामावर विसंबून डॉक्टरकडे जायला उशीर करणे हेही तितकेच घातक होते.

दरम्यान डेव्हिड जॅक यांच्या गटाने इंग्लंडमधील वेअर येथे सालब्युटामॉल तयार केले. ते 1969 मध्ये विक्रीला आले. आपला निळा पंप तो हाच. श्वासनळीच्या स्नायूपेशीवर बीटा-2 नावाचे ग्राहक असतात आणि हृदयावर मुख्यतः बीटा-1. सालब्युटामॉल बीटा-2 वर जाऊन बसते, पेशीत सायक्लिक एएमपी वाढते, कॅल्शियम उतरते आणि स्नायू सैलावतो. पाच मिनिटांत मोकळे वाटते, चार ते सहा तास टिकते. हात थरथरतात, कारण हातापायांच्या स्नायूंवरही तेच ग्राहक आहेत.

पण नळीच्या आतली सूज त्याने उतरत नाही. त्यासाठी स्टेरॉइडचा पंप लागतो. तो ओढल्यावर लगेच काही जाणवत नाही, म्हणून आमच्या मोहल्ल्यात लोक तो दोन आठवड्यांत सोडतात आणि निळा तेवढा खिशात ठेवतात. "पंपाची सवय लागते" म्हणून लग्नाच्या मुलीचा पंप लपवणारी घरेही मी पाहिली आहेत. दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी 2019 मध्ये स्पष्ट केले, की मोठ्यांनी आणि किशोरांनी केवळ निळ्या पंपावर राहू नये, सोबत स्टेरॉइड हवेच. इंग्लंडमधल्या त्या मृत्यूंनंतर हे म्हणायला पन्नास वर्षे लागली.