घरातील लेकरांची जागा

भगिनींनो, वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काही लिहावे असा आग्रह झाला, तेव्हा मुलांच्या खोलीचा विषय मी आपण होऊन मागून घेतला. आपल्या बारामतीत हल्ली नवे घर बांधताना मुलांसाठी वेगळी खोली काढतात. रंगीत भिंती, मोटारीच्या आकाराचा पलंग, सारे हौसेने होते. पण चार वर्षांत मूल उंच होते, त्याची आवड बदलते, आणि खोली मात्र लहानच राहते.

माझ्या आजीच्या धाब्याच्या घरात मुलांची खोली नव्हती. मुलांची जागा होती, आणि ती वयाप्रमाणे बदलत असे. माजघराच्या कडीला पाळणा टांगलेला असे. मूल पाय टाकू लागले की पांगुळगाडा निघे, आणि त्याचे काम झाले की तो पुढच्या लेकराकडे जाई. जुन्या लुगड्याचे दुपटे अपुरे पडले की आजी त्याला चारी बाजूंनी पट्ट्या जोडून गोधडी करी. भिंतीतला खालचा कोनाडा आधी भातुकलीचा, मग पाटी-दप्तराचा होई.

आजी जे सवयीने करी, त्याला शास्त्राचा आधार डॉ. मारिया माँटेसरी यांनी दिला. ६ जानेवारी १९०७ रोजी रोम शहरातील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी बालगृह उघडले. तेथे मुलांना स्वतः उचलता येतील अशी हलकी मेजे-खुर्च्या आणि हात पोहोचेल अशी ठेंगणी कपाटे होती. मोठ्यांच्या घरात मूल पाहुण्यासारखे राहू नये, हा त्यामागचा विचार होता.

हा विचार आपल्याकडे रुजविणाऱ्यांत श्रीमती ताराबाई मोडक यांचे नाव अग्रभागी आहे. १९२६ मध्ये गिजुभाई बधेका यांच्यासह त्यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. पुढे १९४५ मध्ये त्यांनी बोर्डी येथे खेड्यातील मुलांसाठी काम सुरू केले व अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. महागडी साधने परवडणार नव्हती, म्हणून शंख-शिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने झाली. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. १९५७ पासून हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर वाढले. मुलाची जागा पैशाने सजत नाही, हे या दोघींनी दाखवून दिले.

आता थोडे घरचे सांगते. माझा भाऊ सहावीत गेला, तेव्हा त्याला माळवदावरची खोली मिळाली. खिडकी, मेज, कंदील, सर्व काही. मी सहावीत गेले, तेव्हा माझा कोनाडा पूर्वीचाच, माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीवर होता. माझी पुस्तके त्यात मावेनात, म्हणून ती धान्याच्या कणगीवर राहिली. ‘ती आज ना उद्या जायचीच,’ असे घरात म्हणत. कोणी दुष्टपणाने म्हणत नसे. पण घर भावाबरोबर वाढले, माझ्याबरोबर वाढले नाही. लग्नानंतर पहिल्या सणाला माहेरी आले, तर कोनाड्यात रॉकेलची बाटली होती.

माझ्या मुलीच्या वेळी मी सुताराकडून भिंतीला दोन उभ्या खाचेच्या पट्ट्या बसवून घेतल्या. फळी दरवर्षी एक खाच वर सरके. खालच्या फळीवर आधी खेळणी होती, पुढे तीच वर जाऊन अभ्यासाचे मेज झाली. भिंतीचा कमरेपर्यंतचा भाग काळ्या रंगाचा केला; त्यावर प्रथम रेघोट्या उमटल्या, नंतर पाढे, आणि शेवटी परीक्षेचे वेळापत्रक. पलंग पहिल्यापासून मोठ्या मापाचाच घेतला. भिंतींना साधा पांढरा रंग दिला. चित्रे तिने निवडली आणि तिनेच बदलली.

भगिनींनो, असे सोय करून देणे कोणत्याही घराला जमेल. वेगळी खोली नसेल तर एक फळी, एक खुंटी आणि एक खण पुरेल. मात्र तो मुलाइतकाच मुलीलाही द्यावा, आणि तिला न विचारता कोणी उघडू नये. माझी मुलगी सासरी जाऊन बरीच वर्षे झाली. तिची फळी सर्वांत वरच्या खाचेवर आहे, आणि तिचा खण मी अजून रिकामा केलेला नाही.