मासिकाच्या पानांवरून घरात आलेला ॲम्प्लिफायर

घरी बसून ॲम्प्लिफायर बांधणाऱ्या माणसांचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. लिहिला जातो तो कंपन्यांचा. माझ्यासारखे हौशी लोक त्यात आलेच तर गिऱ्हाईक म्हणून येतात. पण इंग्लंडमधल्या ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकाचे १९४७ आणि १९६९ या दोन सालांचे अंक पाहिले, की निराळेच चित्र दिसते. घरातला आवाज किती चांगला असू शकतो याचे माप या काळात निदान दोनदा बदलले, आणि माझ्या मते दोन्ही वेळा ते बदलले एका छापील नकाशामुळे, जो पाहून कोणीही ॲम्प्लिफायर बांधू शकत होता.

ॲम्प्लिफायरचे काम सांगायला सोपे आहे. तबकडीवरच्या सुईतून निघणारा अगदी क्षीण विद्युतसंकेत इतका मोठा करायचा, की लाउडस्पीकरचा पडदा हलला पाहिजे. अडचण अशी, की संकेत मोठा करताना व्हॉल्व्ह त्यात स्वतःची भर घालतो. मूळ सुरात नसलेले वरचे स्वर तो मिसळतो. तंबोऱ्याची जवारी बिघडली की कान लगेच टवकारतात. इथेही तसेच, फक्त बिघाड यंत्राचा असतो. यालाच विकृती म्हणायचे.

विकृतीवरचा उतारा सापडला तो टेलिफोनच्या कामातून. बेल कंपनीच्या प्रयोगशाळेतले हॅरॉल्ड ब्लॅक २ ऑगस्ट १९२७ रोजी सकाळी फेरीबोटीने हडसन नदी ओलांडत होते. हातातल्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पानावरच त्यांनी आकृती काढली. बाहेर पडणाऱ्या संकेताचा थोडा भाग उलटा करून परत आत सोडायचा, मूळ संकेताशी ताडून पाहायचा आणि जो फरक उरेल तो दुरुस्त करायचा. हा निगेटिव्ह फीडबॅक. यात ॲम्प्लिफायरची ताकद घटते, पण विकृती त्याच प्रमाणात कमी होते.

मग तो घरोघरच्या यंत्रात सहज का उतरला नाही? आडवा आला ट्रान्सफॉर्मर. व्हॉल्व्हला व्होल्टेज भरपूर लागते आणि तो करंट अगदी थोडा देतो. लाउडस्पीकरची गरज बरोबर उलटी. त्यामुळे दोघांच्या मध्ये ट्रान्सफॉर्मर ठेवावाच लागतो. हा मध्यस्थ फार खालच्या आणि फार वरच्या स्वरांची वेळ चुकवतो. झोक्याला धक्का द्यायची वेळ चुकली तर झोका थांबतो. इथे उलटे घडते. थांबवण्यासाठी परत पाठवलेला संकेत उशिरा पोचतो आणि आणखी ढकलू लागतो. ॲम्प्लिफायर आपोआप शिट्टी घालू लागतो.

हा गुंता सोडवणारे डेव्हिड थिओडोर नेल्सन विल्यमसन १९२३ साली एडिनबरामध्ये जन्मले. महायुद्धाच्या काळात ते एम. ओ. व्हॉल्व्ह कंपनीत होते, आणि त्यांच्या ॲम्प्लिफायरची मूळ रचना १९४४ची. ती ‘वायरलेस वर्ल्ड’मध्ये एप्रिल आणि मे १९४७च्या अंकांत छापून आली. केटी-६६ जातीचे दोन व्हॉल्व्ह, १५ वॉट शक्ती, ताकद दहापटीने घटवणारा फीडबॅक आणि पूर्ण शक्तीलाही ०.१ टक्क्याच्या आतली विकृती. नुसती आकृती छापली असती तर ती आकृतीच राहिली असती. विल्यमसन यांनी ट्रान्सफॉर्मरही उलगडून दिला. प्रायमरीचे ४,४०० वेढे, तेही दहा भागांत वाटलेले; प्रत्येक भागात ८८ वेढ्यांचे पाच थर; त्यांच्यामध्ये सेकंडरीचे आठ भाग. प्रायमरी आणि सेकंडरी अशा एकमेकींत घातल्या की दोघींतला चुंबकीय दुवा घट्ट होतो आणि वेळेची चूक ऐकू येणाऱ्या स्वरांच्या पलीकडे ढकलली जाते. हे आकडे हाती असले की तार गुंडाळणारा कोणताही कसबी माणूस ट्रान्सफॉर्मर बांधून देऊ शकतो. कारखान्यात ज्याला गुपित म्हणतात, ते इथे मासिकाच्या किमतीत मिळत होते.

वेळही जुळून आली होती. पाणबुड्या ओळखण्याच्या युद्धकाळातल्या कामातून डेक्का कंपनीने १४,००० हर्ट्झपर्यंतचे स्वर पकडणारे ध्वनिमुद्रण विकसित केले होते. तबकडीत आता जे होते ते जुन्या यंत्रातून ऐकूच येत नव्हते. विल्यमसन यांची रचना थोड्याच वर्षांत अटलांटिकपलीकडे गेली. अमेरिकेत हीथकिटने तिचे सुटे संच विकले. हाफ्लर आणि केरोस यांनी १९५१मध्ये तिच्यात फेरफार सुचवून तेही छापले. स्वतः विल्यमसन मात्र संगणकाने चालणाऱ्या यंत्रसामग्रीकडे वळले आणि १९६८मध्ये त्या कामाच्या बळावर रॉयल सोसायटीचे फेलो झाले. ॲम्प्लिफायर हा त्यांच्या आयुष्यातला जेमतेम पहिला अध्याय!

पुढे ट्रान्झिस्टर आला, जड ट्रान्सफॉर्मर गेला, वॉट स्वस्त झाले. सगळ्यांना वाटले प्रश्न मिटला. पण बहुतेक ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर ‘क्लास बी’ पद्धतीचे होते. लहरीचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर उचलतो, खालचा दुसरा. बांधकामावर घमेले या हातातून त्या हातात जाताना जरा हिसका बसावा, तसे दोघांच्या हस्तांतरात होते. हा हिसका आवाजाबरोबर लहान होत नाही. म्हणून मोठ्या वाद्यमेळात तो लपतो आणि विझत जाणाऱ्या तारेच्या झंकारात उघडा पडतो. गंमत अशी, की विकृतीचे आकडे पूर्ण शक्तीला मोजून छापत, आणि तिथे हे यंत्र छान दिसे.

एप्रिल १९६९च्या ‘वायरलेस वर्ल्ड’मध्ये जॉन लिन्सली हूड यांनी याला उत्तर दिले. पेशाने ते सेलोफेन बनवणाऱ्या एका कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळेत होते. ॲम्प्लिफायरच्या धंद्याशी त्यांचा संबंध नव्हता. त्यांची रचना ‘क्लास ए’: दोन्ही ट्रान्झिस्टर घमेले कधी सोडतच नाहीत. एका चॅनेलला चारच ट्रान्झिस्टर, शक्ती फक्त १० वॉट. तुलनेसाठी त्यांनी समोर ठेवला तो बावीस वर्षे जुना विल्यमसन.

दहा वॉट म्हटले की आज लोक हसतात. पण हिशेब करून बघावा. साधारण लाउडस्पीकर १ वॉटला एक मीटरवर ८८ डेसिबेलच्या आसपास आवाज देतो. १० वॉटला ९८, १०० वॉटला १०८. दहापट शक्ती लावावी तेव्हा कानाला आवाज सुमारे दुप्पट वाटतो. दिवाणखान्यात गाणे ऐकताना बहुतेक वेळ एक वॉटसुद्धा खर्च होत नाही. डब्यावर छापलेले मोठमोठे वॉट पाहून ॲम्प्लिफायर निवडणे, हे मला पातेल्याच्या आकारावरून आमटीची चव ठरवण्यासारखे वाटते. ऐकायचा असतो तो पहिला वॉट, आणि तोच स्वच्छ मिळणे दुर्मीळ.

लिन्सली हूड यांची रचना पन्नास वर्षे उलटल्यावरही लोक बांधतात. मीही बांधली आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणले, आणि पुरवठ्याचा ट्रान्सफॉर्मर मोटारी रिवाइंड करणाऱ्या कारागिराकडून वेढे सांगून करून घेतला. ८ ओहमच्या लाउडस्पीकरसाठी मूळ लेखातला आकडा २७ व्होल्ट आणि १.२ अँपिअरचा आहे. म्हणजे गाणे चालू असो वा नसो, एका चॅनेलला ३२ वॉट सतत जळतात; दोन चॅनेलना ६५च्या घरात. ॲल्युमिनियमच्या हीट सिंकवर तळवा फार वेळ ठेववत नाही. पुण्यात डिसेंबरच्या रात्री ही ऊब हवीशी वाटते, मे महिन्यात मात्र पंखा चालवावा लागतो आणि त्याची घरघर पहिल्या वॉटात मिसळते. म्हणून उन्हाळ्यात मी पहाटे ऐकतो.