दीड मिलिसेकंदाची मुदत

१९५७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी आयबीएम ७०४ या संगणकाकडून १७ सेकंदांची एक रचना वाजवून घेतली. सुरांचे गणित आधी पूर्ण होई, आकडे चुंबकीय फितीवर उतरत आणि नंतर त्या फितीवरून ध्वनी निर्माण होई. गणित कितीही रेंगाळले तरी संगीताला त्याची झळ लागत नसे. संगणक रंगमंचावर आला आणि ही सवलत संपली.

ध्वनीचे सेकंदाला ४४,१०० नमुने धरले, तर ६४ नमुन्यांचा एक गट सुमारे १.४५ मिलिसेकंदांचा होतो. तेवढ्या अवधीत पुढचा गट तयार हवा. हजारातील ९९९ गट वेळेवर आले आणि एकच चुकला, तरी सभागृहात ‘टक्’ असा आवाज उमटतो आणि तो सर्वांना ऐकू येतो. म्हणूनच पडद्यावरील मापक प्रोसेसर निम्मा रिकामा असल्याचे सांगत असतानाही सूर तुटू शकतो: मापक सरासरी सांगतो, मुदत मात्र प्रत्येक गटाची वेगळी असते.

एका प्रोसेसरला न पेलणारे काम अनेकांत वाटावे, हा विचार पॅरिसच्या इर्काम या संस्थेत लवकर रुजला. तेथे मिलर पकेट यांनी १९८०च्या दशकात ‘मॅक्स’ ही आज्ञावली रचली. नाव अर्थातच मॅथ्यूज यांच्यावरून. पुढे तेथेच नेक्स्ट संगणकात इंटेलचे आय-८६० प्रोसेसर बसवून एक यंत्र उभे राहिले. रचनेचा कोणता भाग कोणत्या प्रोसेसरवर चालवायचा, हे तेथे माणसालाच ठरवावे लागे. १९९३ मध्ये नेक्स्टने यंत्रनिर्मिती थांबवली आणि त्यावर बेतलेल्या रचना दुसरीकडे नेण्याची वेळ आली. संगीतकाराची कृती यंत्राच्या आयुष्याशी बांधली गेल्याचे हे जुने दुखणे आहे.

२००५च्या सुमारास घरगुती संगणकांत दोन गाभ्यांचे प्रोसेसर आले आणि हा प्रश्न सर्वांच्या दारी पोहोचला. चार गाभे म्हणजे चौपट वाद्ये, ही अपेक्षा फोल ठरली. वाद्याचा ध्वनी गाळणीत, गाळणीतला प्रतिध्वनीत जातो. ही साखळी क्रमानेच चालावी लागते. १९६७ साली जीन अ‍ॅमडाल यांनी दाखवलेली मर्यादा येथे अक्षरशः ऐकू येते. टिम ब्लेखमान यांनी ‘सुपरकोलायडर’साठी ‘सुपरनोव्हा’ हे बहुप्रोसेसरी इंजिन लिहिले, तेव्हा त्यांनी समांतर गट ही सोय दिली. पण गटातील घटक एकमेकांवर अवलंबून नाहीत, याची हमी मात्र रचनाकारानेच द्यायची. समांतर बेरजेत क्रम बदलला की दशांशातील शेवटचे अंक बदलतात. कानाला ते कळत नाही. दोन वेळचे निकाल ताडून दोष शोधू पाहणाऱ्याला मात्र ते हमखास चकवतात.

याहून वाईट दोष कुलपांचा. सामायिक स्मृतीला एकाच वेळी दोघांनी हात लावला तर आज्ञावली कोसळते, म्हणून तिला कुलूप घालतात. समजा, पडदा रंगवणाऱ्या कनिष्ठ कामाने ते लावले आणि तेवढ्यात मधल्या दर्जाच्या कामाने प्रोसेसर बळकावला. आता कनिष्ठाला कुलूप सोडायला सवड नाही आणि सर्वांत वरिष्ठ असे ध्वनीचे काम खोळंबून राहते. नेमक्या याच प्राधान्य-विपर्यासाने १९९७ साली मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक पुन्हा पुन्हा नव्याने सुरू होत होता. अभियंत्यांनी पृथ्वीवरील प्रतिकृतीत तो दोष घडवून आणला आणि प्राधान्य-वारशाची सोय दुरून चालू केली. त्या उपायाची सैद्धांतिक मांडणी १९९० सालच्या एका शोधनिबंधात होती. लुई शा व जॉन लेहोत्स्की यांच्यासह त्याचे लेखक होते मद्रास विद्यापीठाचे पदवीधर रघुनाथन राजकुमार. ध्वनीच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांनी पुढे याहून कडक पथ्य स्वीकारले: सूर चालू असताना कुलूप नको, नवी स्मृती मागणे नको, डिस्कला स्पर्शही नको.

काही दोष मात्र भौतिकीच्या विद्यार्थ्याला हसू आणतील असे. वादक थांबला, सभागृह शांत झाले आणि त्याच क्षणी प्रोसेसर धापा टाकू लागला! प्रतिध्वनी विरत जातो, पण घातांकी क्षय शून्याला कधीच पोहोचत नाही. आकडे दशांशचिन्हानंतरच्या ३७ शून्यांपलीकडे गेले की ते प्रोसेसरच्या सामान्य मांडणीत बसत नाहीत आणि पेंटियम ४ सारखा प्रोसेसर त्यांच्यावर कित्येक पट वेळ घालवी. दोष शोधणारा अर्थातच गजबजलेले प्रसंग तपासत बसे; शांततेवर संशय कोण घेणार? अशा आकड्यांना सरळ शून्य मानण्याची आज्ञा प्रोसेसरला देणे, किंवा त्यांत ऐकू न येणारा गोंगाट मिसळणे, हे त्यावरचे उपाय.

एक भाग कोसळला तरी मैफल वाचावी, यासाठी भाग स्वतंत्र प्रक्रियांत ठेवण्याची वाट निघाली. पॉल डेव्हिस यांच्या ‘जॅक’मध्ये प्रत्येक आज्ञावली वेगळी चालते. पकेट यांनीही ‘प्युअर डेटा’ या आपल्या नंतरच्या प्रणालीत पोटप्रक्रिया सुरू करण्याची सोय २००९च्या सुमारास आणली. तिच्याशी देवाणघेवाण करताना काही गटांचा विलंब पत्करावा लागतो. सुरक्षिततेची किंमत अशी मिलिसेकंदांत मोजली जाते, आणि रंगमंचावर ती परवडणारी आहे.

हे सारे ज्या पायावर उभे, ती कार्यप्रणालीच वेळ पाळत नसेल तर काय? इंगो मोल्नार यांनी लिनक्सचा विलंब घटवणारे बदल मांडले. पुढे आलेले काटेकोर वेळ पाळणारे बदल ध्वनीचे लोक सुमारे वीस वर्षे वेगळे जोडून घेत राहिले. ते मुख्य प्रणालीत सामावले गेले २०२४ साली, ६.१२ या आवृत्तीत.