मुंबई बंदराची राखणदार ‘मॅग्दाला’

शिरूरची घोडनदी काय किंवा दौंडची भीमा काय, आपले पाणी जाते पूर्वेच्या समुद्राला. मग पश्चिमेच्या मुंबई बंदरातल्या एका लढाऊ आगबोटीशी आपला संबंध काय, असे कोणीही विचारील. संबंध आहे, आणि तो साऱ्याच्या व कर्जाच्या वाटेने येतो.

१८६२ च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या यादवी युद्धात दोन चिलखती बोटी एकमेकींवर तासन्‌तास तोफा डागत राहिल्या, आणि दोन्ही तरल्या. आदल्याच दिवशी त्यांतल्या एकीने दोन मोठी लाकडी जहाजे संपवली होती. लाकडी आरमाराचे दिवस भरले, हे साऱ्या जगाने ओळखले. त्याच युद्धाने अमेरिकेचा कापूस अडला, आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबई गबर झाली. मात्र मुंबईचे जुने ‘इंडियन नेव्ही’ आरमार १८६३ मध्ये मोडण्यात आले होते. घर भरलेले आणि दाराला कडी नाही, अशी गत!

म्हणून दोन चिलखती बोटी विलायतेत बांधून घेतल्या : ‘मॅग्दाला’ आणि तिच्याहून थोडी लहान ‘ॲबिसिनिया’. दोन्ही १८७० मध्ये पाण्यात उतरल्या. नावे आली ती १८६८ च्या हबसाणातल्या मोहिमेवरून. मुंबईच्या फौजेचे सेनापती रॉबर्ट नेपिअर यांनी तिथला मॅग्दालाचा किल्ला घेतला होता. परक्या मुलखातल्या त्या लढाईचा भार हिंदुस्थानने का सोसावा, हा प्रश्न दादाभाई नवरोजींनी १८६७ मध्येच विलायतेत मांडला होता.

‘मॅग्दाला’ सुमारे २२५ फूट लांब. पाण्यावर तिचा काठ जेमतेमच दिसे. पुढे एक आणि मागे एक असे लोखंडी फिरते बुरूज, आणि प्रत्येकात दोन तोफा. एकेका तोफेचे वजन १८ टन! अशी बुटकी बोट भर समुद्रात लढण्याची नव्हे. मुंबईपर्यंत येतानाही तिला तात्पुरत्या डोलकाठ्या उभारून शिडे लावावी लागली. एकदा आली ती इथलीच झाली. तोंडाकडून ठासायच्या तोफा जुन्या ठरल्या, तेव्हा १८९२ मध्ये मागून भरायच्या नव्या तोफा बसवल्या. तीस वर्षांहून अधिक काळ तिने पहारा केला, पण शत्रू आलाच नाही. अखेर विसाव्या शतकाच्या आरंभी दोन्ही बोटी मोडीत विकल्या गेल्या. त्यांची थोरली बहीण ‘सर्बेरस’ मात्र ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळ १९२६ मध्ये लाटा अडवायला मुद्दाम बुडवली. ती अजून तिथेच आहे.

मग हा खर्च फुकट गेला का? तसे एकदम म्हणू नये. मळ्यात माळ्यावर गोफण घेऊन बसलेला राखण्या दगड न मारताही पाखरे दूर ठेवतो. प्रश्न निराळा आहे : राखण कोणाची, आणि पैसा कोणाचा? बोटी हिंदुस्थानच्या महसुलावर पोसल्या, आणि त्या महसुलात सर्वांत मोठा वाटा शेतसाऱ्याचा.

१८६५ मध्ये अमेरिकेतले युद्ध संपले आणि कापसाचा भाव कोसळला. पुढे साऱ्याचे दर वाढले. सावकाराने हात आखडला आणि जमिनी लिलावात निघू लागल्या. १२ मे १८७५ रोजी भीमथडीतल्या सुप्यात शेतकरी उठले. कर्जरोखे जाळले गेले. आजचा दौंड भाग तेव्हा भीमथडीतच होता. लोण शिरूर तालुक्यातही पोचले. त्या दिवशी ‘मॅग्दाला’ बंदरात चोख पहाऱ्यावर होती. तिच्या तोफांची तोंडे समुद्राकडे. आणि संकट तर बाजारभावाच्या रूपाने, बंदराच्याच दाराने, केव्हाच आत शिरले होते.

पुढे १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. तोही एक पहाराच, पण उशिरा बसलेला. गुरुजी, वर्गात १८७५ चा उठाव शिकवाल तेव्हा फळ्यावर या बोटीचेही नाव लिहा आणि मुलांना विचारा : देशाची राखण म्हणजे नेमकी कशाची राखण?