अणूची गाय



स्तनाच्या कर्करोगाचे उपचार चालू असलेल्या बाईला डॉक्टर कधी कधी ‘बोन स्कॅन’ करायला सांगतात. शिरेतून किरणोत्सारी औषध द्यायचं म्हटलं की घरातल्या सगळ्यांचे चेहरे उतरतात. त्या औषधात बहुतेक वेळा टेक्नेशियम-९९एम असतं. आज आम्ही त्याचीच गोष्ट सांगणार आहोत.

गोष्ट सुरू होते १९२१ साली, बर्लिनमध्ये. ओटो हान यांना युरेनियमपासून होणाऱ्या पदार्थांत एक कोडं सापडलं. दोन पदार्थांची अणुकेंद्रं अगदी सारखी, पण एक मिनिटभरात निम्मा होई, दुसऱ्याला तेवढ्यासाठी सहा-सात तास लागत. कोड्याचं उत्तर १९३६ साली फोन वाइत्झेकर यांनी दिलं. अणुकेंद्रात जादा ऊर्जा आली की बहुधा ते ती पापणी लवायच्या आत टाकून देतं. पण दोन स्थितींमधल्या गिरकीत फार फरक असला, तर ऊर्जा आत अडकून बसते. अशा थांबलेल्या केंद्राला आयसोमर म्हणतात.

टेक्नेशियम हे माणसानं तयार केलेलं पहिलं मूलद्रव्य. त्याचा ९९एम हा आयसोमर सेग्रे आणि सीबोर्ग यांना १९३८ साली अमेरिकेत बर्कली इथं सापडला. पण तो सहा तासांत निम्मा होतो, दिवसभरात सोळावा हिस्सा उरतो. मग दवाखान्यात पोचवायचा कसा?

वाट सापडली ती न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत, १९५० च्या दशकाच्या अखेरीस. वॉल्टर टकर आणि मार्गारेट ग्रीन आयोडीनच्या कामात गुंतले असताना त्यांना त्यात भेसळ आढळली. भेसळ फेकून न देता त्यांनी तिचा माग काढला, तर ते निघालं टेक्नेशियम-९९एम, मॉलिब्डेनम-९९ पासून आलेलं. मॉलिब्डेनम ६६ तासांत निम्मं होतं, म्हणजे प्रवासाला पुरतं. ते एका नळीत बसवायचं आणि वरून मिठाचं पाणी सोडायचं. टेक्नेशियम धुऊन खाली येतं, मॉलिब्डेनम नळीतच राहतं. दुसऱ्या दिवशी नळी पुन्हा भरलेली! म्हणून तिथले लोक तिला गायच म्हणू लागले. आठवडाभर रोज धार काढायची, मग ती आटते.

या शोधाच्या पेटंटचा अर्ज मात्र नाकारला गेला. एवढी बाजारपेठ कुठली, असं उत्तर आलं. तरीही पॉवेल रिचर्ड्स यांनी डॉक्टरांपुढे त्याचा आग्रह धरला, आणि शिकागोत कॅथरिन लॅथ्रॉप आणि पॉल हार्पर यांनी ते रुग्णांसाठी वापरात आणलं. आज जगभर वर्षाला कोट्यवधी तपासण्या त्यावर होतात.

मात्र हे दूध साठवता येत नाही. २००९ साली कॅनडातली मॉलिब्डेनम पुरवणारी अणुभट्टी बंद पडली, तेव्हा अनेक देशांत तपासण्या लांबणीवर पडल्या.

ऊर्जा सहा तास अडकून राहते म्हणून औषध हाडांपर्यंत पोचायला वेळ मिळतो, आणि ती सहाच तास राहते म्हणून शरीरावर भार थोडा पडतो. तपासणीनंतर पाणी भरपूर प्या. दिवस गेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर इंजेक्शन घेण्याआधीच डॉक्टरांना सांगा. संकोच करू नका.