मासा मेला नाही, म्हणून...

शाळेत हा प्रयोग तुम्हीही केला असेल. पाण्याने भरलेल्या ग्लासच्या तोंडावर कांदा ठेवायचा. दोन-तीन दिवसांत पांढरी मुळं फुटतात. मग मुळाचं टोक कापून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली विभागणाऱ्या पेशी बघायच्या. मार्क मिळाले की कांदा कचऱ्यात!

हाच कांदा पुढे पाण्याविरुद्ध साक्षीदार म्हणून उभा राहिला. १९३८ साली स्वीडनच्या आल्बर्ट लेवान यांनी कांद्याच्या मुळांवर कोल्चिसीन या रसायनाचा परिणाम तपासला. पेशींचं विभाजन कसं बिघडतं ते मुळांच्या टोकांत स्पष्ट दिसलं. (माणसाची गुणसूत्रं ४८ नसून ४६ आहेत, हे १९५६ मध्ये जिओ यांच्यासोबत जाहीर करणारे लेवान ते हेच.) १९८५ मध्ये गाइरिड फिस्केशो यांनी पर्यावरणाच्या देखरेखीसाठी ही कांद्याची चाचणी प्रमाण मानावी, असं मांडलं.

कुणी विचारेल, पाण्याची रासायनिक तपासणी असताना कांदा कशाला? कारण प्रयोगशाळा आपण विचारू तेवढंच सांगते. नदीत मात्र शेकडो पदार्थ एकत्र मिसळलेले असतात. जिवंत पेशीला यादी लागत नाही, तिच्यावर सगळ्यांचा मिळून परिणाम होतो.

मला यातली सर्वात भिडलेली गोष्ट ऱ्हाइन नदीची. स्वित्झर्लंड, जर्मनीतल्या कारखान्यांचं सांडपाणी पोटात घेऊन ती शेवटी नेदरलँड्समध्ये पोचते, आणि तिथे लोक तिचं पाणी शुद्ध करून पितात. तिथल्या संशोधकांनी एक छोटा, चिवट मासा निवडला, अंब्रा पिग्मिया. मूळचा उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडचा. निवडण्याचं कारण साधं होतं. कार्पसारख्या माशात शंभराच्या आसपास बारीक गुणसूत्रं असतात, तर याच्यात फक्त २२ आणि चांगली मोठी. तुटलेलं लगेच दिसतं.

हे मासे ऱ्हाइनच्या पाण्यात ठेवून त्यांच्या कल्ल्यांतल्या पेशी तपासल्या. गुणसूत्रांना इजा झालेली होती. हा निष्कर्ष १९७८ साली प्रसिद्ध झाला. लक्षात घ्या, गुणसूत्रं बघायची तर पेशी विभागत असायला हव्यात, म्हणजे मासा जिवंतच हवा. बाहेरून धडधाकट, आत मोडतोड.

पुढे १ नोव्हेंबर १९८६ ला बाझेलजवळ एका रसायनांच्या गोदामाला आग लागली. आग विझवायला मारलेल्या पाण्याबरोबर कीटकनाशकं नदीत गेली, पाणी लाल झालं, ईल मासे ढिगांनी मेले. हातच्या कांकणाला आरसा कशाला! १९८७ मध्ये काठच्या देशांनी कृती कार्यक्रम ठरवला, २००० सालापर्यंत सॅमन नदीत परत आणण्याचं ध्येय ठेवलं.

२००५ मध्ये त्याच जातीचे मासे पुन्हा ऱ्हाइनच्या पाण्यात ठेवले गेले. या वेळी कॉमेट चाचणीही केली. तिच्यात तुटलेला डीएनए विजेच्या क्षेत्रात ओढला जाऊन पेशीला धूमकेतूसारखी शेपटी दिसते. १९७८ च्या मानाने इजा बरीच कमी झाली होती. पण पूर्ण गेली नव्हती.

या साक्षीदाराला एक मर्यादा आहे. आपल्याला लागलंय एवढं तो सांगतो, कुणी मारलं ते नाही. ते शोधायला रसायनशास्त्रच लागतं. तरीही मला राहून राहून वाटतं, जिवंत माशाने १९७८ सालीच साक्ष दिली होती. जगाला हलवलं ते मात्र आठ वर्षांनी, मेलेल्या माशांनी.

आपणही पुलावरून खाली डोकावतो, एखादा मासा सुळकन जाताना दिसतो, आणि म्हणतो, "पाणी बरं दिसतंय की!" मासा मेला नाही, एवढंच आपल्याला कळलेलं असतं...